पाळणा आणि बांबूचें रान

सन २०१६ च्या सप्टेंबर महिन्यांत चीन देशांतील चेंगडू शहरीं एका व्यासपीठावर पांडा नामक प्राण्याचीं तेवीस पिलें ओळीनें मांडून ठेवण्यांत आलीं होतीं. त्या वर्षीं तेथील पैदास-केंद्रानें जन्मास आणलेल्या पिलांचें जगास दर्शन घडवावें, हा हेतु. छायाचित्रकार समोर दाटीनें उभे होते. इतक्यांत एक पिलूं रांगत रांगत कडेस आलें आणि तोंडघशीं खालीं पडलें. त्यास कांहीं इजा झाली नाहीं. रखवालदारानें तें लगेच उचलून घेतलें. परंतु तेवढ्या एका क्षणाचें चलच्चित्र जगभर फिरलें, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं तें पाहून हंसून घेतलें असेल. आम्हीही हंसलों. मागाहून मात्र मनांत असा प्रश्न उभा राहिला, कीं हीं तेवीस पिलें मोठीं होऊन जाणार कोठें?

आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. पांडाचीं पिलें जन्मास आणण्याची व जगविण्याची विद्या मनुष्यानें पुष्कळ अपयश सोसून मिळविली आहे, आणि त्याबद्दल तो प्रशंसेस पात्र आहे. परंतु पाळणा भरला म्हणजे जात तरली, असें जें हल्लीं सर्रास समजलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं. पांडाची जात तरेल ती बांबूच्या रानांत तरेल. पाळण्याचें काम त्या रानाच्या जितकें उपयोगी पडेल तितकेंच त्याचें मोल.

हा प्राणी अस्वलाच्या कुळांतला. अंग पांढरें, कान, डोळ्यांभोंवतालचे डाग, खांदे व पाय काळे. सिचुआन, शेन्सी व गान्सू ह्या तीन चिनी प्रांतांतील उंच व धुक्यानें वेढलेल्या डोंगरांवांचून तो आज पृथ्वीवर अन्यत्र कोठेंही रानटी स्थितींत आढळत नाहीं. चिनी लोक त्यास पूर्वींपासून ओळखत. पाश्चात्य शास्त्रज्ञांस मात्र त्याची वार्ता सन १८६९ मध्यें आर्मां दाव्हीद ह्या फ्रेंच मिशनरी पाद्रीबाबांनीं दिली. सिचुआनांतील एका जमीनदाराच्या घरीं त्यांस ह्या प्राण्याचें कातडें दिसलें. तेव्हां त्यांनीं शिकाऱ्यांकडून नमुने मिळवून पॅरिसच्या संग्रहालयाकडे पाठविले. पाद्रीबाबांची दृष्टि जिज्ञासूची होती. त्यांच्या मागून जे गेले त्यांतील कित्येकांची बंदुकीची होती, आणि त्यांच्याही मागून गेलेल्यांची पिंजऱ्याची. सन १९३६ मध्यें रूथ हार्कनेस ह्या अमेरिकन बाईंनीं एक जिवंत पिलूं अमेरिकेस नेलें, आणि तेव्हांपासून मोठमोठ्या शहरांस आपल्या प्राणिसंग्रहालयांत पांडा असावा असें वाटूं लागलें.

बाळगणें सोपें; वंश वाढविणें अवघड. पांडाची मादी वर्षांतून एकदांच, वसंत ऋतूंत, माजावर येते, आणि तोही काळ अवघा एक ते तीन दिवसांचा. एरव्हीं नर व मादी डोंगरउतारांवर एकएकटीं राहतात. गर्भ राहिला कीं नाहीं हें लवकर कळत नाहीं. कधीं कधीं गर्भ नसतांही मादी गर्भिणीसारखी वागते आणि शेवटीं कांहींच निष्पन्न होत नाहीं. पिलूं जन्मतें तें सुमारें शंभर ग्रॅम वजनाचें, म्हणजे आपल्याकडील चिचुंद्रीएवढें. मातेच्या वजनाचा जणूं नऊशेंवा हिस्सा. डोळे मिटलेले, रंग गुलाबी, अंगावर केस जवळजवळ नाहींत. जवळपास निम्म्या वेळां जुळें होतें, आणि रानांतली माता त्यांतील बहुधा एकच उचलते. दुसरें तसेंच पडून राहतें. तिला निर्दय म्हणण्याची घाई कोणी करूं नये. दिवसाचे दहा-बारा तास ती बांबू खात असते, आणि खाल्लेल्याचा पांचवा हिस्साही तिच्या अंगीं लागत नाहीं. अशा चाऱ्यावर जगणाऱ्या मातेनें दोघांस पुरेल इतकें दूध आणावें कोठून?

प्रारंभीं माणसास ह्यांतलें फारसें कांहीं ठाऊक नव्हतें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सन १९५८ पासून ची-ची नांवाची मादी होती. सन १९६१ मध्यें स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीचें बोधचिन्ह तिच्यावरूनच सुचलें, इतकी ती लोकप्रिय. तिला जोडीदार मिळावा म्हणून सन १९६६ मध्यें विमानानें मॉस्कोस नेण्यांत आलें. तेथें आन-आन नांवाचा नर होता. वर्तमानपत्रांनीं गाजावाजा केला. प्रत्यक्षांत दोघांचें मुळींच पटेना, मारामारी मात्र झाली. दोन वर्षांनीं आन-आन लंडनास आला, निष्पत्ति तीच. ची-ची माणसांच्या सहवासांत वाढलेली होती. तिचा ओढा रखवालदारांकडे, स्वजातीच्या नराकडे नव्हे. सन १९७२ मध्यें ती निपुत्रिक मरण पावली. दोन देशांच्या अधिकाऱ्यांनीं जुळविलेलें हें लग्न वाचून आमच्या पालकवर्गांत कोणी म्हणेल, आमच्याकडे निदान मुलामुलीची पत्रिका तरी पाहत! वॉशिंग्टनची कथा ह्याहून करुण. सन १९७२ मध्यें चीनकडून भेट म्हणून आलेल्या जोडीस १९८३ ते १९८९ ह्या अवधींत पांच पिलें झालीं, आणि त्यांतील एकही जगलें नाहीं.

चीनमध्यें बंदिवासांतलें पहिलें पिलूं बीजिंगच्या प्राणिसंग्रहालयांत सन १९६३ मध्यें जन्मलें. त्याचें नांव मिंग मिंग. सन १९७८ मध्यें तेथेंच कृत्रिम गर्भधारणेचा प्रयोग प्रथम फळास आला. चेंगडूचें केंद्र सन १९८७ मध्यें रानांतून उचलून आणलेल्या अवघ्या सहा पांडांवर सुरू झालें. तरीही पुष्कळ वर्षेंपर्यंत जन्मलेल्यांपैकीं अर्ध्याहून अधिक पिलें दगावत असत.

पुढें जें यश आलें त्याचें मर्म आम्हांस फार विचार करण्याजोगें वाटतें. मनुष्य स्वतः आई व्हावयास गेला तोंवर पिलें मेलीं. तो आईपासून शिकूं लागला तेव्हां तीं जगूं लागलीं. एक साधी गोष्ट पाहा. आईपासून दूर ठेवलेलीं पिलें दूध पाजूनही तगत नसत. त्याचें एक कारण कालांतरानें उमगलें, तें असें कीं नवजात पांडास आपण होऊन मलमूत्रविसर्जन करतां येत नाहीं. आई जिभेनें त्याचें अंग चाटते तेव्हांच तें घडतें. मग रखवालदार कोमट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पिलांचीं पोटें चोळूं लागले. जुळ्यांची युक्ति तर ह्याहून मनोवेधक. एक पिलूं आईच्या कुशींत ठेवावयाचें, दुसरें ऊब दिलेल्या पेटींत. आणि दिवसांतून अनेक वेळां त्यांची अदलाबदल करावयाची. मधाच्या पाण्याचें भांडें पुढें करून आईचें लक्ष तिकडे वळविलें, कीं हलक्या हातानें एक उचलावें व दुसरें ठेवावें. दूध आईचेंच, चाटणें आईचेंच. माणसानें फक्त तिच्या एकाच कुशीच्या दोन केल्या. १९९० नंतर ही रीत रूढ होत गेली, आणि आज दहांपैकीं जवळजवळ नऊ पिलें वांचतात. चेंगडूच्या सहा पांडांचे दोनशेंहून अधिक झाले. सन २०२४ च्या अखेरीस साऱ्या जगांतील बंदिवान पांडांची संख्या ७५७ भरली. ह्या आंकड्यामागें ज्यांनीं शंभर ग्रॅमचा जीव तळहातावर घेऊन रात्रीमागून रात्री जागून काढिल्या, त्यांच्याविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे.

हाच धडा आणखी दोन ठिकाणीं मिळाला. छिनलिंग पर्वतांत पान वेनशी ह्या चिनी प्राध्यापकांनीं वर्षानुवर्षें रानटी पांडांचा मागोवा घेतला. त्यांस दिसून आलें, कीं आई पिलास गुहेंत ठेवून चरावयास तासन्‌तास दूर जाते आणि परत येते. तोंवर असें एकटें पिलूं कोणास आढळलें, कीं टाकून दिलेलें अनाथ समजून माणसें तें उचलून आणीत. म्हणजे पोरकें करणारे तेच, आणि आश्रय दिल्याचें पुण्यही त्यांनाच! दुसरें उदाहरण सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचें. बिफेंगशियाच्या केंद्रांत पांडांस शेजारच्या कोंडवाड्यांतून दोन दोन संभाव्य जोडीदार दाखविण्यांत आले, आणि कोणाचा ओढा कोणाकडे हें टिपून ठेविलें. ज्या जोड्यांत उभयतांची एकमेकांवर मर्जी होती, त्यांस पिलें सर्वांत अधिक झालीं. वंशावळीचे तक्ते पाहून केलेली निवड शास्त्राच्या दृष्टीनें बिनचूक असेल. पण जनावरासही पसंती असते, ही गोष्ट शास्त्राच्या ध्यानीं उशिरां आली.

आतां दुसरी बाजू. रानांत आई पिलास दीड-दोन वर्षें बरोबर वागविते. पैदास-केंद्रांतून पुष्कळदां सहा महिन्यांच्या आंतच तें तिच्यापासून दूर करण्यांत येतें. कां, तर ती पुढच्या वसंतांत पुन्हां माजावर यावी. गुंगीचें औषध देऊन एकाच मादीवर एका ऋतूंत कृत्रिम गर्भधारणेचे प्रयोग पुनःपुन्हां केल्याचींही उदाहरणें आहेत. परदेशचीं प्राणिसंग्रहालयें पांडाच्या एका जोडीसाठीं वर्षास दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम चीनला देत आलीं आहेत. करार बहुधा दहा वर्षांचा, आणि तेथें पिलूं झालें तर त्याची मालकीही चीनचीच. ह्या पैशांतून रानांचेंही रक्षण होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण जेथें पिलामागें पैसा व प्रतिष्ठा दोन्हीं चिकटतात, तेथें पिलें मोजण्याची हांव सुटते, आणि मोजणें हेंच काम होऊन बसतें. परीक्षेंतील गुणांविषयीं आमच्या शिक्षकवर्गाचें गाऱ्हाणें ह्याहून निराळें नसतें!

शिवाय संख्या फसवी असते. पान पान नांवाचा एक नर सन २०१६ मध्यें एकतीस वर्षांचा होऊन मरण पावला, तेव्हां त्याच्या मुलानातवंडांची व पणतवंडांची संख्या १३० च्या वर गेली होती. म्हणजे बंदिवान पांडांपैकीं सुमारें चवथा हिस्सा त्या एकट्याच्या रक्ताचा! नर उत्तम खरा. परंतु एकाच पुरुषाचा वंश गांवभर पसरल्यावर सोयरीक जुळवितांना काय पंचाईत होते, हें आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस समजावून सांगावयास नको. आणि पाळणा म्हणजे निर्भय स्थान, हेंही खरें नव्हे. सन २००८ च्या मे महिन्यांतील भूकंपानें वोलोंगचें केंद्र एका दुपारीं उद्ध्वस्त केलें, आणि तेथील पांडांस दुसरीकडे हालवावें लागलें.

ह्यावरून कांहीं विद्वान् असें म्हणूं लागले आहेत, कीं पैदास बंदच करावी आणि सारा पैसा रानावर खर्चावा. इतक्या टोंकास आम्ही जात नाहीं. मिळालेली विद्या टाकून देणें हें शहाणपण नव्हे. आणि पिलें पाहून लोकांच्या मनांत जी माया उत्पन्न होते, ती रानाच्या नकाशानें होत नाहीं, हेंही आम्ही जाणतों. आमचें म्हणणें इतकेंच, कीं वरचढ कोण आणि मदतनीस कोण, ह्याचा विसर पडूं नये. हा विसर पूर्वीं एकदां पडलेला आहे. बांबू फुलला म्हणजे मरतो, हें आमच्या सह्याद्रीकडील लोकांस ठाऊकच आहे. सन १९८३ मध्यें वोलोंगच्या परिसरांतला बांबू असाच एकाएकीं फुलून वाळला. पांडा आतां उपासमारीनें मरणार, अशी जगभर हांकाटी उठली. अमेरिकेंतील शाळकरी मुलांनींही आपले खाऊचे पैसे गोळा करून पाठविले. त्या वेळीं तेथें संशोधन करीत असलेल्या जॉर्ज शॅलर ह्या प्राणिशास्त्रज्ञानें मागाहून स्पष्ट लिहिलें, कीं खरी भीति बांबूच्या फुलण्याची नसून शिकाऱ्यांच्या फांसांची, जंगलतोडीची, आणि पांडांस रानांतून उचलून पिंजऱ्यांत भरण्याची होती. बांबू लक्षावधि वर्षें फुलत व मरत आला आहे. एका खोऱ्यांतला मेला कीं पांडा डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यांत जात असे. मधें शेतें व रस्ते आल्यावर तो जाणार कोठून?

रानांतील शिरगणतीचे आंकडे हीच साक्ष देतात. १९८० नंतरच्या दशकांतील मोजणींत १,११४ पांडा आढळले. सन १९९९ ते २००३ च्या मोजणींत १,५९६. आणि सन २०११ ते २०१४ च्या मोजणींत १,८६४. मोजणीच्या रीती सुधारल्या व अधिक रान धुंडाळलें गेलें, हें जमेस धरूनही उतरती कळा थांबली एवढें निश्चित. ही वाढ पाळण्यांतून आलेली नाहीं. सन १९९८ मध्यें यांगत्से नदीस महापूर आले, तेव्हां डोंगर उघडे केल्याचें फळ सरकारास दिसलें. त्याच वर्षीं वरच्या खोऱ्यांतील नैसर्गिक अरण्यांत वृक्षतोड बंद झाली, आणि पुढें चढावरचीं शेतें मोडून तेथें झाडें लावण्यास शेतकऱ्यांस धान्य व पैसा मिळूं लागला. पुराच्या भयानें राखलेल्या झाडाखालीं बांबू वाढला, आणि बांबूंत पांडा वाढला. सन २०१६ मध्यें आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघानें पांडाची गणना एक पायरी सौम्य अशा वर्गांत केली, ती ह्या रानांतल्या आंकड्यांवरून. पिंजऱ्यांतले त्यांत धरीत नाहींत.

मग काम संपलें काय? मुळींच नाहीं. हे अठराशें चौसष्ट एकत्र नाहींत. रस्ते, धरणें व वस्त्या ह्यांनीं त्यांचे तेहतीस तुकडे केले आहेत, आणि कित्येक तुकड्यांत दहाही पांडा नाहींत. सन २०२१ मध्यें तिन्ही प्रांतांत मिळून सुमारें २२,००० चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान विधिपूर्वक स्थापन झालें, तें हे तुकडे सांधण्याच्या उद्देशानें. पण सांधण्यास वेळ लागतो, आणि तोंवर लहान तुकड्यांत रक्ताचा कोंडमारा होतो. आमच्या मतें पाळण्याचें खरें काम येथें आहे.

तें काम किती कठीण, हें शियांग शियांगच्या कथेवरून कळतें. बंदिवासांत जन्मलेला हा नर सुमारें तीन वर्षें शिकवून सन २००६ च्या एप्रिलमध्यें वोलोंगच्या रानांत सोडण्यांत आला. रानाची ओळख त्यास माणसांनीं करून दिली होती. पण दुसऱ्या पांडांत कसें वागावें, हें माणूस काय शिकविणार? पुढल्या फेब्रुवारींत तो मेलेला आढळला. रानटी नरांशीं झुंज होऊन तो उंचावरून पडला असावा, असा निष्कर्ष निघाला. ह्यानंतर रीत बदलली. सन २०१० मध्यें ताओ ताओ नांवाचें पिलूं डोंगरांतल्या एका विस्तीर्ण कुंपणांत जन्मलें, आणि त्यास वाढविण्याचें काम त्याच्या आईवरच सोंपविण्यांत आलें. चढावें कोठें, खावें काय, भ्यावें कोणास, हें सारें त्यास तिनेंच शिकविलें. माणसास जवळ जाणें भागच पडलें तर तो पांडासारखा काळा-पांढरा वेष घालून व त्यास पांडाच्या मूत्राचा वास लावून जाई, कीं पिलास माणसाची संवय लागूं नये. मोठमोठ्या पदव्या घेतलेले शास्त्रज्ञ असल्या वेषांत डोंगर चढत आहेत, हें चित्र चेंगडूच्या व्यासपीठावरील चित्राहून आम्हांस अधिक आवडतें.

सन २०१२ च्या ऑक्टोबरमध्यें, दोन वर्षांचा होतांच, ताओ ताओस लिझिपिंगच्या रानांत सोडण्यांत आलें. हें ठिकाण मुद्दाम निवडलेलें. त्या डोंगररांगेंत रानटी पांडा अवघे तिसांच्या आसपास उरले होते, आणि त्यांस नव्या रक्ताची गरज होती. त्यानंतर आणखी कांहींजण सोडले गेले. एकंदर संख्या अजून दहा-बारांच्याच घरांत आहे, आणि सारेच जगले असेंही नाहीं. सातशेंहून अधिकांच्या पाळण्यांतून दहा-बारा! चेंगडूच्या तेवीस पिलांचें मनोहर छायाचित्र आमच्या डोळ्यांपुढें येतें, तेव्हां आम्ही हा आंकडा त्याच्या शेजारीं ठेवून पाहतों. ताओ ताओ मात्र सन २०१७ मध्यें, रानांत पांच वर्षें काढल्यावर, तपासणीसाठीं पुन्हां पकडण्यांत आला. प्रकृति उत्तम होती. त्याची पाहणी आटोपतांच त्यास पुनः त्याच रानांत सोडून देण्यांत आलें.